समुद्राची सीमाखूण
(लहान ख्रिस्ती समूहांच्या बैठकीसाठी अभ्यासलेख)

वाचन : अनुवाद १९:१४, अनुवाद २२:६-७, नीतिसूत्रे २३:१०-११, योहान २१:१-१४



मागील समूह बैठकीत पर्यावरणाचा विषय निघाला. प्लास्टिक, झाडे लावणे, कचरा वेगळा करणे असे नेहमीचे बोलणे झाले. शेवटी किनाऱ्याजवळ राहणाऱ्या एका भगिनीने विचारले, "आमच्या घराची पडवी वाढवायला गेलो तर 'सीआरझेडमध्ये येते' म्हणून परत पाठवतात. मग खाडीच्या कडेला एवढ्या मोठ्या इमारती कशा उभ्या राहिल्या? हा कायदा समुद्रासाठी आहे की फक्त आमच्यासाठी?" बैठकीत क्षणभर कोणीच बोलले नाही. प्रश्न रागाने विचारलेला होता, पण खोटा नव्हता. त्या प्रश्नाचे उत्तर शोधता शोधता हा लेख तयार झाला.

आपल्या धर्मग्रामात मच्छीमार आहेत, वाडीवाले आहेत, नोकरदार आहेत आणि गेल्या वीस-पंचवीस वर्षांत फ्लॅटमध्ये राहायला आलेली कुटुंबेही आहेत. किनाऱ्याचा कायदा या सगळ्यांना लागू आहे, पण तो सगळ्यांना सारखा लागत नाही. कोणाची होडी दोन महिने बंद राहते, कोणाचे घर वाढत नाही, तर कोणाला त्याची कधी जाणीवही होत नाही.

बायबलमधील सीमाखूण

अनुवादाच्या पुस्तकात शेजाऱ्याची सीमाखूण सरकवू नये अशी आज्ञा आहे. शेताच्या बांधावर पुरलेला दगड रात्रीतून हातभर पुढे सरकवला तर कोणाला कळणार? म्हणून ती आज्ञा. नीतिसूत्रांचे पुस्तक आणखी एक पाऊल पुढे जाते. अनाथांच्या शेतात शिरू नये, कारण त्यांचा कैवारी समर्थ आहे, असे ते बजावते. सीमा सरकते तेव्हा ती नेहमी दुबळ्याच्या बाजूला सरकते, हे त्या काळच्या लोकांनाही माहीत होते.

समुद्रालाही सीमा आहे. ईयोबाच्या पुस्तकात (अध्याय ३८) देवाने समुद्राला दारे लावली आणि त्याच्या लाटांना मर्यादा घालून दिली असे वर्णन आहे. आपण किनाऱ्यावरची माणसे ही मर्यादा दर पंधरवड्याला पाहतो. अमावास्या-पौर्णिमेच्या उधाणाला पाणी कुठवर येते हे आपल्या वाडवडिलांना पाठ होते. घर त्या खुणेच्या वर, होड्या खुणेशी आणि खाजण खुणेच्या आत, अशी त्यांची मांडणी असे. सरकारने १९९१ साली केलेला कायदा याच खुणेपासून मोजायला सुरुवात करतो. त्याला कागदावर 'उच्चतम भरतीरेषा' म्हणतात.

रेषा कशी आखली गेली

नोव्हेंबर १९८१ मध्ये तेव्हाच्या पंतप्रधान इंदिरा गांधी यांनी किनारपट्टीवरील राज्यांच्या मुख्यमंत्र्यांना पत्र लिहून भरतीरेषेपासून ५०० मीटरपर्यंतचा किनारा मोकळा ठेवण्यास सांगितले. पत्राने फारसे काही झाले नाही. पुढे १९८६ चा पर्यावरण संरक्षण कायदा आला आणि त्याच्या आधारे १९ फेब्रुवारी १९९१ रोजी किनारा नियमन क्षेत्राची अधिसूचना निघाली. हेच आपले 'सीआरझेड'.

त्यात किनाऱ्याचे वर्ग पाडले आहेत. तिवरे, प्रवाळ, कासवांच्या विणीच्या जागा, वाळूच्या टेकड्या, चिखलाची मैदाने आणि भरती-ओहोटीच्या मधला पट्टा हा पहिला वर्ग. तो सर्वांत नाजूक, म्हणून तिथे जवळजवळ सगळ्यालाच बंदी. आधीच दाट वस्ती झालेली शहरे दुसऱ्या वर्गात. गावे आणि मोकळी जमीन तिसऱ्या वर्गात, आणि तिथे भरतीरेषेपासून पहिले २०० मीटर 'ना विकास क्षेत्र'. किनाऱ्यावरील वाळू उपसण्यालाही याच अधिसूचनेने बंदी घातली. आपल्या बाजूला सुरूची झाडे मुळासकट समुद्रात जाताना पाहून आपण समुद्राला बोल लावतो, पण किती ट्रक वाळू रात्री उचलली गेली याचा हिशेब कोणी ठेवलेला नाही.

आता त्या भगिनीच्या प्रश्नाचे पहिले उत्तर इथेच सापडते. शहरी वर्गात आधीच्या मंजूर रस्त्याच्या किंवा इमारतीच्या जमिनीकडील बाजूला बांधकामाला वाव आहे. गावाच्या वर्गात तो नाही. म्हणजे जिथे आधीच बांधकाम झाले होते तिथे आणखी होऊ शकले. ज्यांनी किनारा मोकळा ठेवला होता त्यांच्यावरच तो मोकळा ठेवण्याची सक्ती आली. कायदा करणाऱ्यांचा हेतू वाईट नव्हता. पण ज्यांनी समुद्राची मर्यादा पाळली, ओझे त्यांच्याच वाट्याला जास्त आले.

दुसरे उत्तर नकाशात आहे. १९९१ च्या अधिसूचनेनुसार प्रत्येक राज्याने वर्षभरात किनाऱ्याचा आराखडा करायचा होता. राज्यांनी तो केलाच नाही. अखेरीस एप्रिल १९९६ मध्ये सर्वोच्च न्यायालयाने कान उपटले तेव्हा कामाला वेग आला. नकाशा नसेल तर रेषा कुठे आहे हे ठरवणार कोण? ज्याच्याकडे वकील आहे तो. आणि तिसरे उत्तर अगदी साधे आहे, पण आपण ते मोठ्याने बोलत नाही. खाडीकडेच्या काही इमारती सरळसरळ बेकायदा आहेत. त्यातल्या काहींची जमीन आपल्यापैकीच कोणीतरी विकलेली आहे.

रेषा सरकत जाते

१९९१ ची अधिसूचना पुढील वीस वर्षांत वीसहून अधिक वेळा बदलली गेली. प्रत्येक बदलाला काही कारण होते. २६ डिसेंबर २००४ रोजी त्सुनामी आली आणि किनारा मोकळा का ठेवायचा हे देशाला निदान काही दिवस तरी पटले. २००८ साली सगळी व्यवस्थाच बदलणारा एक मसुदा आला. देशभरच्या मच्छीमारांनी त्याला कडाडून विरोध केला आणि २००९ मध्ये तो मागे पडला. मग ६ जानेवारी २०११ रोजी नवी अधिसूचना निघाली. तिच्यात किनाऱ्यावर पिढ्यानपिढ्या राहणाऱ्यांची थोडी दखल घेतली गेली. गावांतील १०० ते २०० मीटरच्या पट्ट्यात पारंपरिक समाजांना राहत्या घरांसाठी मार्ग मोकळा झाला. बारा सागरी मैलांपर्यंतचे पाणीसुद्धा नियमनाखाली आले. खाडीकाठी मात्र १०० मीटर किंवा खाडीच्या रुंदीएवढा, यांपैकी जो कमी असेल तो पट्टा धरला गेला.

१८ जानेवारी २०१९ ची अधिसूचना आणखी पुढे सरकली. खाडीकाठचा पट्टा १०० वरून ५० मीटरवर आला. २०११ च्या जनगणनेनुसार जिथे दर चौरस किलोमीटरला २१६१ हून अधिक लोक राहतात अशा दाट वस्तीच्या गावांत 'ना विकास क्षेत्र' २०० वरून ५० मीटर झाले. याचा फायदा आपल्या पडवीला होईल, हे खरे. पण ५० मीटरनंतरची जागा केवळ पडवीलाच मोकळी झालेली नाही, हॉटेलला आणि गृहसंकुलालाही झाली. घर वाढवण्याची सवलत मागितली होती लहान माणसाने. त्याच दारातून आत कोण कोण आले ते पुढील काही वर्षांत दिसेल. म्हणून सवलत मिळाली यावर समाधान मानून गप्प बसणे बरे नाही, असे मला वाटते.

तिवरे

खाजणातील तिवरांविषयी आपल्याकडे फार आदर नव्हता. सरपणाला लाकूड, गुरांना पाला आणि बाकी डास व चिखल, एवढीच त्यांची ओळख. मासळीची पिल्ले आणि कोळंबी या मुळांमध्येच वाढतात, तिवरे लाटेचा जोर मोडतात आणि गाळ धरून ठेवतात, हे मच्छीमारांना ठाऊक होते, पण सातबाऱ्यावर त्याची नोंद कुठे असते? खाजण म्हणजे पडीक, आणि पडीक म्हणजे भराव टाकायला हरकत नाही, अशी समजूत पडली. जुलै २०१८ मध्ये वसईत पाणी शिरले, गाड्या बंद पडल्या, दिवसच्या दिवस वीज गेली, तेव्हा पावसाच्या पाण्याला पूर्वी कुठे जागा होती याची आठवण बऱ्याच जणांना झाली.

मुंबई उच्च न्यायालयाने ६ ऑक्टोबर २००५ रोजी महाराष्ट्रभर तिवरे तोडण्यावर बंदी घातली, त्यांच्या ५० मीटरच्या आत बांधकाम थांबवले आणि सरकारी जमिनीवरील तिवरांना संरक्षित वन ठरवण्याचा आदेश दिला. २०१२ साली राज्याने वन खात्यात स्वतंत्र कांदळवन कक्ष सुरू केला. देशात असा कक्ष प्रथमच झाला. १७ सप्टेंबर २०१८ च्या अंतिम निकालात न्यायालयाने म्हटले की तिवरांचा नाश हा नागरिकांच्या जगण्याच्या मूलभूत हक्कावरच घाला आहे. २०२० मध्ये पांढरी चिप्पी राज्याचे कांदळवन वृक्ष म्हणून जाहीर झाली. आज राज्यात तीनशे चौरस किलोमीटरहून अधिक तिवरे आहेत. सरकारी धोरणाने आणि न्यायालयाच्या आदेशाने काही चांगले घडते याचे हे उदाहरण आहे. सरकारला आपण नेहमी शिव्याच देतो, म्हणून मुद्दाम सांगितले.

पण त्याच निकालात सार्वजनिक हिताच्या कामासाठी न्यायालयाच्या परवानगीने तिवरे तोडण्याची वाट आहे. डिसेंबर २०२२ मध्ये बुलेट ट्रेनसाठी मुंबई, ठाणे आणि पालघर जिल्ह्यांतील सुमारे २० हजार तिवरे तोडण्यास उच्च न्यायालयाने परवानगी दिली. २०१९ च्या अधिसूचनेत तिवरांतून रस्ता गेला तर बुडालेल्या क्षेत्राच्या तिप्पट क्षेत्रावर नवी लागवड करावी असे आहे. मोजणी म्हणून ते ठीक वाटते. पण चाळीस वर्षांच्या तिवराच्या जागी, दुसऱ्या कुठल्यातरी खाडीत, वीतभर उंचीची तीन रोपे. इथली निवटी आणि चिंबोरी तिकडे कशी जाणार?

जाळ्याचा कायदा

आता जमिनीवरून पाण्यात जाऊ. किनाऱ्यापासून बारा सागरी मैलांपर्यंतची मासेमारी हा राज्याचा विषय आहे आणि त्यापुढे दोनशे मैलांपर्यंत केंद्राचा. महाराष्ट्राने १९८१ साली सागरी मासेमारी नियमन कायदा केला. त्याचा मूळ उद्देश लहान पारंपरिक मच्छीमाराला ट्रॉलरपासून वाचवणे हा होता. म्हणजे मासा आणि मच्छीमार या दोघांचे रक्षण एकाच कायद्यात. हा विचार चांगला होता, पण कायदा राबवणारे हात थोडे आणि गस्तीच्या होड्या त्याहून थोड्या.

पर्ससीन जाळी आली. ही जाळी माशांच्या थव्याला गोल घेरते आणि खालून थैलीसारखी आवळते. एका खेपेत अख्खा थवा येतो. ५ फेब्रुवारी २०१६ च्या आदेशाने राज्याने पर्ससीनला सप्टेंबर ते डिसेंबर एवढेच महिने दिले. पुढे रात्री प्रखर एलईडी दिवे लावून मासे वर ओढण्याची पद्धत बोकाळली. नोव्हेंबर २०१७ मध्ये केंद्राने तिच्यावर बंदी घातली. २०२१ मध्ये राज्याने आपला १९८१ चा कायदा सुधारला. पूर्वीचा दंड इतका किरकोळ होता की तो डिझेलच्या खर्चात धरला जाई. आता एलईडी मासेमारीला ५ ते २० लाखांपर्यंत दंड आहे. जानेवारी २०२५ पासून किनाऱ्यावर ड्रोनने पाळत ठेवण्यास सुरुवात झाली आहे.

हे सगळे वाचून आपल्या मच्छीमार बांधवांना बरे वाटेल. पर्ससीनवाला दुसरा, एलईडीवाला दुसरा. पण थोडे आपल्या होडीतही डोकावू या. आपली डोल जाळी खुंटाला बांधलेली असते आणि ओहोटी-भरतीचा प्रवाह जे आणील ते तिच्यात जाते. खोल्याची आस बारीक, कारण बोंबील आणि जवळा धरायचा असतो. त्या खोल्यात पापलेटची पिल्लेही येतात. ती परत टाकून उपयोग नाही, तोवर मेलेली असतात, असे मच्छीमार सांगतात, आणि त्यात तथ्य आहे. पण ती बाजारात येतात आणि विकली जातात हेही खरे आहे. विकत घेणारे कोण? मी स्वतः घेतली आहेत. शुक्रवारी बाजारात तळहातापेक्षा लहान पापलेटचा वाटा स्वस्तात मिळाला आणि मी आनंदाने घरी आणला. घरी विळीवर बसल्यावर सासूबाई म्हणाल्या, "ही तर पोरं आहेत." तळून झाल्यावर आम्ही ती खाल्ली.

२०२३ मध्ये राज्याने ५४ जातींच्या माशांसाठी किमान लांबी ठरवून दिली. त्याहून लहान मासा पकडायचा आणि विकायचा नाही. रुपेरी पापलेटसाठी ही लांबी १३५ मिलिमीटर, म्हणजे साडेतेरा सेंटिमीटर आहे. त्याच वर्षी पापलेट महाराष्ट्राचा राज्यमासा जाहीर झाला. सातपाटीच्या मच्छीमारांनी आपल्याकडचे पापलेट कमी होत चालले आहे हे बरीच वर्षे ओरडून सांगितले होते, तेव्हा कुठे हे झाले.

अनुवादाच्या बाविसाव्या अध्यायात एक लहानशी, जवळजवळ विसरली गेलेली आज्ञा आहे. वाटेत पक्ष्याचे घरटे दिसले आणि आई पिल्लांवर बसलेली असली तर आईला पिल्लांसह धरू नये. तिला सोडून द्यावे. आज्ञा पाळणाऱ्याचे भले होईल आणि त्याला दीर्घायुष्य लाभेल असे वचन तिच्याशी जोडले आहे. आईबापांचा मान राखण्याच्या आज्ञेलाही असेच वचन आहे. घरट्यातील पक्षिणीचा आणि आईबापांचा मान एकाच मापाने मोजावा, हे आश्चर्यच आहे. कारण मात्र शेतकऱ्याला सहज कळणारे आहे. जिच्यापासून पुढे उत्पन्न येणार तिलाच आज खाऊन टाकले तर उद्या काय? पिल्लू मोठे होऊन एकदा तरी विणले पाहिजे, मग धरा, एवढेच किमान लांबीचा नियम सांगतो.

तिबिर्याच्या समुद्रावरची गोष्ट आपल्याला पाठ आहे. रात्रभर जाळे रिकामे, पहाटे किनाऱ्यावर उभा असलेला प्रभू, आणि मग १५३ मासे. योहान आवर्जून सांगतो की ते मोठे मासे होते आणि इतके असूनही जाळे फाटले नाही. त्या आकड्याचे अर्थ पंडितांनी पुष्कळ लावले आहेत. मला मच्छीमाराच्या घरातला अर्थ पुरेसा वाटतो: कोणीतरी ते मोजले होते. भरपूर मिळाले तरी मोजून घेतले.

बंदीचे दोन महिने

१ जून ते ३१ जुलै असे ६१ दिवस यांत्रिक होड्या समुद्रात जात नाहीत. पूर्वी आपल्याकडे नारळी पौर्णिमेपर्यंत कोणी होडी लोटत नसे. कायदा नव्हता, पण खवळलेला समुद्र आणि रीत होती. पावसाळ्याच्या सुमारास बऱ्याच जातींचे मासे विणतात, तेव्हा समुद्राला विसावा द्यायचा. लेवीय पुस्तकातील सातव्या वर्षी जमिनीला विसावा देण्याच्या आज्ञेशी (अध्याय २५) याचे नाते जवळचे आहे.

पण त्या जुन्या विसाव्यात एक गोष्ट होती जी आजच्या बंदीत कमी आहे. जमीन पडीक राहिली तरी तिच्यावर आपोआप उगवलेले गरिबांनी, चाकरांनी, परक्यांनी खावे अशी सोय होती. विसावा देणाऱ्याचे पोट कसे भरेल याचा विचार आज्ञेतच होता. आपल्याकडे केंद्राच्या मत्स्य संपदा योजनेत बंदीच्या काळासाठी गरीब मच्छीमार कुटुंबाला तीन महिन्यांत एकूण ४५०० रुपये देण्याची तरतूद आहे, आणि त्यातले १५०० त्या मच्छीमाराने स्वतःच आधी जमा केलेले असतात. महिन्याला दीड हजार. जूनमध्ये शाळा उघडते, वह्या-पुस्तके, छत्र्या, गणवेश. घरातील बाई सुकवलेले बोंबील आणि वाकटी पाट्यांत घेऊन दारोदार फिरते, तेव्हा घर चालते. आपण बाजारात तिच्याशी दहा रुपयांसाठी घासाघीस करतो तेव्हा समुद्राच्या विसाव्याचा खर्च ती उचलत असते.

किंमत कोणी मोजावी हा प्रश्न नीट सोडवल्याचेही एक उदाहरण आपल्या राज्यात आहे. जाळ्यात कासव, डॉल्फिन किंवा देवमाशासारखा संरक्षित प्राणी अडकला तर पूर्वी मच्छीमारापुढे पेच असे. जाळे कापावे तर हजारोंचे नुकसान, न कापावे तर प्राणी मरतो. डिसेंबर २०१८ पासून राज्याने योजना केली की मच्छीमाराने जाळे कापून प्राणी सोडावा, त्याचे छायाचित्र किंवा चित्रफीत काढावी, आणि कापलेल्या जाळ्यासाठी त्याला २५ हजार रुपयांपर्यंत भरपाई मिळेल. या योजनेमुळे अनेक कासवे परत समुद्रात गेली. मच्छीमार कासवाचा शत्रू कधीच नव्हता. फक्त कासव वाचवण्याचा सगळा खर्च त्याच्या एकट्याच्या खिशातून जाऊ नये, एवढेच हवे होते.

डहाणूची रेषा

आपल्याच जिल्ह्यात, वर उत्तरेला, डहाणू तालुका जून १९९१ मध्ये पर्यावरणदृष्ट्या नाजूक क्षेत्र म्हणून जाहीर झाला. १९९६ साली सर्वोच्च न्यायालयाच्या आदेशाने त्या क्षेत्राच्या रक्षणासाठी न्यायमूर्ती चंद्रशेखर धर्माधिकारी यांच्या अध्यक्षतेखाली एक प्राधिकरण नेमले गेले. वाढवण येथे मोठे बंदर करण्याचा प्रस्ताव आला तेव्हा १९९८ मध्ये या प्राधिकरणाने तो नाकारला. न्यायमूर्ती २०१९ मध्ये वारले. बंदराचा प्रस्ताव पुन्हा आला, जुलै २०२३ मध्ये त्याच प्राधिकरणाने ना हरकत दिली, एप्रिल २०२४ मध्ये उच्च न्यायालयाने विरोधातील याचिका फेटाळल्या, जूनमध्ये केंद्रीय मंत्रिमंडळाने ७६,२२० कोटींच्या प्रकल्पाला मंजुरी दिली आणि ३० ऑगस्ट २०२४ रोजी पायाभरणी झाली. समुद्रात सुमारे १४४८ हेक्टर भराव होणार आहे.

बंदराने रोजगार येईल असे सरकार म्हणते, आणि आपल्या मुलांना रोजगार हवा आहे. दुसऱ्या बाजूला त्या पाण्यावर जगणाऱ्या गावांतील लोक अनेक वर्षे रस्त्यावर उतरले. या वादात प्रत्येकाने आपले मत बनवावे. मी फक्त एकच गोष्ट नोंदवतो. त्या भगिनीच्या पडवीसाठी रेषा हलत नव्हती. १४४८ हेक्टरांसाठी ती हलली. दोन्ही ठिकाणी कायदा एकाच मंत्रालयाचा आहे.

ख्रिस्तसभा काय म्हणते

दिवंगत पोप फ्रान्सिस महोदयांनी २०१५ साली 'लाउदातो सी' हे परिपत्रक लिहिले. त्यातील समुद्राविषयीचे परिच्छेद आपल्याकडे कमी वाचले जातात. चाळिसाव्या परिच्छेदात ते अनिर्बंध मासेमारीविषयी लिहितात. अठ्ठेचाळिसाव्या परिच्छेदात ते म्हणतात की माशांचा साठा संपत जातो त्याचा सर्वांत मोठा फटका लहान मच्छीमार समाजांना बसतो, कारण त्यांच्यापाशी दुसरे काही साधन नसते. आणि १८३ व्या परिच्छेदात एक अगदी व्यावहारिक सूचना आहे: प्रकल्पाच्या परिणामांचा विचार प्रकल्प ठरवण्याआधी व्हावा आणि त्या चर्चेत स्थानिक लोकांना विशेष स्थान असावे.

हे स्थान आपल्या कायद्यातही लिहिलेले आहे. २०११ आणि २०१९ या दोन्ही अधिसूचनांत जिल्हाधिकाऱ्यांच्या अध्यक्षतेखाली जिल्हा समिती सांगितली आहे, आणि तिच्यावर मच्छीमारांसह स्थानिक पारंपरिक किनारी समाजांचे किमान तीन प्रतिनिधी असले पाहिजेत. आपल्या जिल्ह्यात ते तिघे कोण, हे मी दहा जणांना विचारले. एकालाही सांगता आले नाही, आणि त्या दहांत मीही धरावा. मोठ्या प्रकल्पाची जनसुनावणी ठरली की निदान तीस दिवस आधी सूचना द्यावी लागते. आराखड्यांचे मसुदे जाहीर होतात, हरकती मागवल्या जातात. एखाद्या कोळीवाड्याची मासळी सुकवण्याची जागा नकाशावर नुसती 'सरकारी मोकळी जमीन' म्हणून दाखवलेली असते. मुदतीत कोणी लिहून कळवले नाही तर ती तशीच कायम होते. पुढे ती कोणाला दिली गेली की मग आपण मोर्चा काढतो.

हरित वसईच्या लढ्यात फादर फ्रान्सिस दिब्रिटो आणि त्यांच्याबरोबरच्या असंख्य स्त्री-पुरुषांनी रस्त्यावर लाठ्या आणि धमक्या सोसल्या हे आपण अभिमानाने सांगतो. त्या लढ्याचा निम्मा भाग कागदांचा होता, हे कमी सांगितले जाते. नकाशे वाचणे, गट क्रमांक जुळवणे, मुदतीत हरकत दाखल करणे, पोचपावती जपून ठेवणे. हे काम कंटाळवाणे आहे. आपल्यात शिकलेली मुले-मुली पुष्कळ आहेत, इंजिनिअर आहेत, वकील आहेत. त्यांना वाचनसेवा आणि गायनवृंदाबरोबर हेही काम मागायला हरकत नाही.

समूहात चर्चेसाठी

आपल्या वाडीत उधाणाचे पाणी पूर्वी कुठवर येत असे, हे वडीलधाऱ्यांना विचारून घ्यावे आणि ती जागा आज कशी आहे हे पाहावे. मच्छीमार कुटुंबांनी सांगावे की लहान पापलेट खोल्यात येऊ नये म्हणून काय करता येईल आणि त्यात त्यांचे किती नुकसान होईल; बाकीच्यांनी ते ऐकताना मध्ये बोलू नये. मासे विकत घेणाऱ्यांनी सांगावे की तळहाताएवढे पापलेट नाकारायला आणि मोठ्यासाठी जास्त पैसे द्यायला आपण तयार आहोत का. बंदीच्या दोन महिन्यांत धर्मग्राम म्हणून आपण काही करू शकतो का, सुक्या मासळीची विक्री मिस्सानंतर आवारात ठेवता येईल का, हेही बोलावे. आणि ज्यांनी खाजण विकले त्यांच्याकडे बोट न दाखवता त्या विषयावर बोलता येते का, हे पाहावे. ते सर्वांत कठीण आहे.

किनाऱ्याचे नकाशे महाराष्ट्र किनारा क्षेत्र व्यवस्थापन प्राधिकरणाच्या संकेतस्थळावर पाहता येतात. आपल्या भागाचा नकाशा काढून पुढील बैठकीला आणता आला तर चर्चा सोपी होईल. तो मोठ्या कागदावर छापावा लागेल, नाहीतर गट क्रमांक वाचता येत नाहीत, आणि त्यावर आपापले घर शोधायला वेळ लागेल. म्हणून बैठक अर्धा तास आधी सुरू करावी.